वाट चुकलेल्या मुलांचे गुरुजी

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी मंडळाच्या स्मरणिकेत एका परदेशी मानसशास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्याचे धाडस मी का करते, ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्याने फडताळातल्या डब्यातून पैसे घेतले. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मी त्याला मारले, देवापुढे शपथ घ्यायला लावली. यजमानांनी त्याच्याशी बोलणे टाकले. आठच दिवसांनी डबा पुन्हा हलका झाला. माझी पुतणी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिने उपदेश केला नाही. ऑगस्ट आयखहोर्न यांची हकिकत मात्र मराठीत सांगितली. तीच आज भगिनींपुढे ठेवते.

आयखहोर्न यांचा जन्म 27 जुलै 1878 रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी झाला. ते साधे शाळामास्तर होते. गावातील मुलांच्या वसतिगृहांत लष्करी शिस्त आणावी, असा घाट त्या वेळी घातला जात होता. त्याला त्यांनी विरोध केला आणि पुढे अशा संस्थांची देखरेख त्यांच्याचकडे आली.

1918 साली पहिले महायुद्ध संपले. ऑस्ट्रियात अन्नाची टंचाई होती, कित्येक घरांतला कर्ता पुरुष गेला होता. चोरी करणारी, घरातून पळणारी, मारामाऱ्या करणारी मुले वाढली. अशा मुलांसाठी ओबरहोलाब्रुन येथे निर्वासितांच्या रिकाम्या बराकींत आयखहोर्न यांनी संस्था सुरू केली. सुधारगृह म्हणजे कुलपे आणि छडी, असे समजण्याचा तो काळ. इथे मात्र मुलांना लहान लहान गटांत ठेवले. तेही कोणी काय गुन्हा केला हे पाहून नव्हे, तर कोणाचा स्वभाव कसा आहे हे पारखून.

त्यांचे म्हणणे असे, की चोरी हे वर दिसणारे लक्षण आहे. मार देऊन ते दबते, पण आतील कारण तसेच राहते आणि दुसऱ्या वाटेने बाहेर येते. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवून काय उपयोग? खालचा जाळ कमी करायला हवा, हे आपल्याला चुलीपाशी कळते; मुलांच्या बाबतीत मात्र आपण विसरतो.

सर्व गट पाडल्यावर बारा मुले उरली. ती कोणत्याच गटात सामावेनात. ताटल्या फेकीत, एकमेकांच्या अंगावर सुऱ्या घेऊन धावत. बहुतेकांना घरी प्रेम मिळाले नव्हते, मार मात्र भरपूर मिळाला होता. त्यांना सांभाळायला पुढे झाल्या त्या स्त्रिया, हे मला विशेष वाटते. कोणाला इजा होऊ द्यायची नाही. एरवी शिक्षा नाही, रागावणे नाही, माया सोडायची नाही, असे ठरले. मुलांनी खिडक्या फोडल्या, दारे मोडली, जेवणाचे टेबलही सोडून कोपऱ्याकोपऱ्यात जमिनीवर बसून जेवू लागली. सांभाळणाऱ्यांचा जीव मेटाकुटीस आला. पण आपण काहीही केले तरी समोरून मार येत नाही, हे कळल्यावर मुलांचा राग खोटा पडू लागला. मग ती रडू लागली, बाईंच्या मागे मागे फिरू लागली. पुढे त्यांना नव्या, नीटनेटक्या बराकीत नेले आणि ती इतर मुलांसारखी राहू लागली.

दुसरी गोष्ट सतरा वर्षांच्या एका मुलाची. मोठ्या मुलांच्या तंबाखूचे पैसे त्याच्याकडे असत, त्यांत तूट आली. आयखहोर्न यांनी त्याला बोलावून जाब विचारला नाही. आपली पुस्तके झटकायला सोबत घेतले आणि इकडचे तिकडचे बोलता बोलता विषय पैशांपाशी आणला. मुलगा कासावीस झाला आणि आपण होऊन सारे बोलला. गुरुजींनी तूट भरून काढायला त्याला स्वतःचे पैसे दिले.

आपण जे करतो त्याचा अर्थ समजावा म्हणून चाळिशी उलटल्यावर त्यांनी फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाचा अभ्यास केला. 1925 साली या अनुभवांचे त्यांचे पुस्तक निघाले, त्याला फ्रॉइड यांचीच प्रस्तावना होती. व्हिएन्नात त्यांनी बालमार्गदर्शनाची केंद्रे चालवली. 1938 साली नाझी आले. अनेक सहकारी देश सोडून गेले. आयखहोर्न यांचा मुलगा डाखाऊच्या छळछावणीत गेला. ते स्वतः व्हिएन्नातच राहिले आणि 1946 साली तिथली मनोविश्लेषण संस्था पुन्हा उभी करण्यात पुढे झाले. 13 ऑक्टोबर 1949 रोजी त्यांचे निधन झाले.

हे ऐकल्यावर मी धाकट्याला पैशांविषयी विचारणे सोडले. एका दुपारी मटार सोलायला त्याला जवळ बसवले. अर्धी टोपली होईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, मित्राचे घड्याळ त्याच्या हातून हरवले होते आणि ते तो थोडे थोडे करून फेडत होता. आम्हाला सांगायची त्याला भीती वाटली. ज्या दिवशी मी हात उगारला, त्या दिवशीच मी हे ऐकण्याचा मार्ग बंद केला होता.

अजूनही आमच्याकडे वाद होतात, तो दार आपटतो, माझाही आवाज चढतो. पण पैशांचा डबा आता उघड्या फळीवर असतो, आणि हरवलेल्या घड्याळाचे उरलेले पैसे आम्ही दोघे मिळून देऊन आलो.