कंपनीच्या जहाजावर चढवायचं ठरलेला पोरगा, आणि आपल्या घरातला शंभराचा ताप

सुरत : नंदुरबार, धुळे, जळगावकडची कितीतरी कुटुंबं पोटापाण्यासाठी सुरतेत स्थिरावली आहेत. कतारगाम दरवाजाकडून जाणं-येणं अनेकांचं रोजचं. पण तिथली जुनी डच दफनभूमी आत जाऊन पाहिलेले थोडेच. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१६ च्या सुमारास सुरतेत पाय रोवले आणि पुढे तिची जी माणसं इथे वारली, त्यातली बरीचशी इथेच पुरली गेली. सगळ्यात मोठा घुमटाचा मकबरा व्हान रीड या बड्या अधिकाऱ्याचा. मलबारच्या झाडापाल्यावर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा हा माणूस १६९१ साली समुद्रप्रवासात वारला. जवळच इंग्रजांचीही दफनभूमी आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा वखारीची दारं लावून बसलेला जॉर्ज ऑक्झेंडन तिथे आहे.

याच डच कंपनीच्या जहाजावर चढवून पूर्वेकडे पाठवून द्यायचं, असं युरोपातल्या एका विशीतल्या पोराबद्दल त्याच्या पालकांनी ठरवलं होतं. पकडण्याचा हुकूमसुद्धा निघाला होता. पोरगा सापडला नाही. त्याचं नाव डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट. आज आपल्याकडे लेकराला शंभर ताप आहे असं म्हणतात, तो शंभर याच माणसाचा.

फॅरनहाइटचा जन्म २४ मे १६८६ चा, बाल्टिक समुद्राकाठच्या डान्झिग या बंदराच्या गावी. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. घर व्यापाऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. १४ ऑगस्ट १७०१ रोजी विषारी अळंबी पोटात गेली आणि आई-वडील दोघंही एकाच दिवशी गेले. डॅनियल पंधरा वर्षांचा, भावंडांत थोरला. पालक नेमले गेले आणि त्यांनी त्याला ॲमस्टरडॅमला एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला पाठवलं. जमाखर्च लिहायचा, मालाचा हिशेब ठेवायचा, पुढेमागे स्वतःचा धंदा उभा करायचा, असा साधा सरळ बेत होता.

पोराचं लक्ष मात्र वहीत नव्हतं. ॲमस्टरडॅममध्ये तेव्हा काचेच्या नळ्यांची उपकरणं बनवून विकली जात. त्याने त्यात हात घातला, काच फुंकायला शिकला आणि वारशाच्या भरवशावर कर्ज काढून बसला. पालकांना हे कसं रुचावं! बापाच्या पैशावर पोर काचा फुंकतंय म्हटल्यावर कुठल्याही घरात जे झालं असतं तेच झालं. जानेवारी १७०७ मध्ये त्याला धरून कंपनीच्या जहाजावर घालायचा हुकूम निघाला आणि हा गावोगाव फिरत राहिला.

१७०८ साली तो कोपनहेगनला ओले रोमर यांना भेटला. रोमर त्या शहराचे महापौर आणि मोठे खगोलशास्त्रज्ञ. प्रकाशालाही वेग असतो हे दाखवून दिलेला माणूस. त्यांनी स्वतःची तापमापक पट्टी बनवली होती. तिच्यावर पाणी गोठायचं ते साडेसात अंशांवर आणि अंगाची ऊब यायची साडेबावीसवर. फॅरनहाइटने ही पट्टी उचलली. पण ते साडेसात नि साडेबावीस त्याला अडचणीचे वाटले, म्हणून त्याने सगळं चौपट केलं. तीस आणि नव्वद झाले. पुढे तेही बदलून बत्तीस आणि शहाण्णव केले.

बत्तीसच का, हा प्रश्न शाळेत कित्येकांना पडतो आणि बहुतेकांचा तसाच राहतो. ९६ मधून ३२ वजा केले की ६४ उरतात. ६४ चे निम्मे ३२, त्याचे १६, मग ८, ४, २, १. नळीवर खुणा करणाऱ्या कारागिराला फक्त मधोमध खूण करत जायचं. जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, त्याची सोयही हीच होती. निम्मं, पाव, अर्धपाव सरळ पडतं. १९५७ साली आपल्याकडे शंभर नये पैसे आले आणि चौसष्टाची सवय मोडली. तापाच्या बाबतीत मात्र ती मोडली नाही.

आता त्याचं शून्य. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणात नळी बुडवायची, पारा उतरून जिथे थांबेल ते शून्य. सीमेवरच्या माणसाला नवसागर सांगायला नको. भांड्यांना कल्हई लावायला तो लागतो आणि आणखी कशाला लागतो तेही दोन्ही राज्यांच्या पोलिसांना ठाऊक आहे! हे मिश्रण साध्या बर्फापेक्षा बरंच थंड होतं. कुल्फीवाला मडक्यात बर्फाबरोबर मीठ टाकतो ते याचसाठी. फॅरनहाइटचं शून्य म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये उणे १७.८.

म्हणजे त्याचं शून्य म्हणजे उष्णता संपली, असं नाही. ती मोजायला सुरुवात कुठून केली, एवढंच ते सांगतं. कतारगामच्या दुकानात दिवाळीला चोपडापूजन होतं ते विक्रम संवताचं नवं वर्ष धरून, आणि शेजारच्या मराठी घरात गुढी उभी राहते ती शके मोजून. दोन्ही आकड्यांत १३४-१३५ वर्षांचं अंतर. दोघांपैकी चूक कुणीच नाही. तापमापकात भानगड थोडी जास्त आहे, कारण तिथे सुरुवातही वेगळी आणि पायरीही लहान-मोठी. सेल्सिअसच्या ५ पायऱ्या म्हणजे फॅरनहाइटच्या ९. म्हणून सेल्सिअसच्या आकड्याला आधी नवाने गुणून पाचाने भागायचं आणि मग ३२ मिळवायचे. भुसावळचे ४५ असे ११३ होतात. उणे ४० ला मात्र दोन्ही पट्ट्यांवर आकडा एकच येतो. आणि ४० अंश म्हणजे २० च्या दुप्पट गरमी, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. ६८ फॅरनहाइट आणि १०४ फॅरनहाइट लिहून पाहा, दुप्पट कुठे राहते?

फॅरनहाइटचं खरं मोठेपण आकड्यांपेक्षा हाताच्या कामात आहे. त्या काळी दोन कारागिरांचे तापमापक एकमेकांशी जुळत नसत. १७१४ मध्ये त्याने बनवलेले दोन तापमापक हाले शहरातल्या क्रिश्चन वोल्फ या प्राध्यापकाकडे गेले. दोन्ही एकच आकडा दाखवत होते. प्राध्यापक चकित झाले. ते मद्यार्काचे होते. मद्यार्क पाण्याआधीच उकळतो, म्हणून पुढे त्याने पारा धरला. नळीला चिकटू नये म्हणून तो स्वच्छ करायची रीत बसवली आणि ती बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. धंद्याची वही टाकून पळालेल्या माणसाला धंदा कळत नव्हता असं नाही.

पुढे तो ॲमस्टरडॅमलाच स्थायिक झाला. उपकरणं विकायची, रसायनशास्त्रावर व्याख्यानं द्यायची, असा संसाराविना संसार. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं. त्याच वर्षी त्याचे लेख तिथे छापले गेले. हवेचा दाब बदलला की पाणी उकळण्याचा अंशही बदलतो आणि पाणी गोठणबिंदूखाली जाऊनही कधीकधी पातळच राहतं, ही त्याचीच निरीक्षणं.

एवढं होऊनही पैसा काही टिकला नाही. १७३६ मध्ये पाणी उपसण्याच्या एका यंत्राचं पेटंट मिळवायला तो हेग शहरी गेला आणि तिथेच आजारी पडला. १६ सप्टेंबरला वारला. वय पन्नास. त्याचा अंत्यविधी चौथ्या दर्जाचा झाला, निर्धन माणसाचा व्हायचा तसा.

सहा वर्षांनी, १७४२ मध्ये, स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी शंभर भागांची पट्टी मांडली. गंमत अशी की त्यांनी उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर दिले होते. १७४४ मध्ये ते क्षयाने गेले आणि त्यांच्या पश्चात पट्टी उलटी, म्हणजे आजच्यासारखी, झाली. १८४८ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी उष्णतेच्या तळापासून मोजायची कल्पना मांडली. ते शून्य उणे २७३.१५ सेल्सिअसवर येतं, आणि दुप्पट-तिप्पट हे शब्द फक्त तिथूनच खरे ठरतात. फॅरनहाइटची पट्टीही त्याच्या मागे पाण्याच्या २१२ या उकळबिंदूवर बेतली गेली, त्यात अंगाची ऊब ९६ वरून सरकली. १८६८ मध्ये वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी ३७ सेल्सिअसचा आकडा रूढ केला, त्याचेच ९८.६.

आता घरोघरी बटणाचा तापमापक आलाय. बटण जास्त वेळ दाबलं गेलं की कित्येक तापमापकांत पट्टी बदलते आणि लेकराच्या काखेतून ३८.५ असा आकडा येतो. शंभराच्या आत आहे म्हणून झोपून जाऊ नका. ते १०१.३ आहेत.