गोखले घडले, त्याचा हिशेब

होतकरू तरुण स्वतःच्या गुणांवर पुढे येतो, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ आहे. सोयीस्कर अशासाठी की, तो एकदा मानला म्हणजे मागच्या पिढीवर कसलीच जबाबदारी उरत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण या समजाच्या पुष्ट्यर्थ हमखास दिले जाते. वस्तुतः त्यांच्या उमेदवारीची वर्षे तपासली, तर निष्कर्ष नेमका उलट निघतो.

१८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोखल्यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. थोरले बंधू गोविंदराव आपल्या १५ रुपये पगारातून दरमहा ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. या चरित्रातील पहिले भांडवल ते. १८८४ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, गोखले एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून रुजू झाले. प्राप्ती बेताचीच होती. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाल्यावर उद्याची विवंचना उरली नाही. पोटाची निश्चिती असल्यामुळेच फावला वेळ अभ्यासास देता आला.

त्या अभ्यासाला वळण लावले न्यायमूर्ती रानड्यांनी. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाची जबाबदारी त्यांनी विशीतल्या या शिक्षकावर सोपविली. मात्र जबाबदारी सोपवून ते मोकळे झाले नाहीत. सरकारी अहवाल वाचावेत, आकडे पडताळावेत, मसुदा करावा आणि तो पसंत पडेपर्यंत पुन्हा लिहावा, असा तो कडक क्रम होता. १९०१ साली रानडे निवर्तले, तोवर बारा-चौदा वर्षे ही शिकवणी चालली. गणेश व्यंकटेश जोशी या व्यासंगी हेडमास्तरांनी तर आपल्या अर्थशास्त्रीय टिपणांचे भांडार गोखल्यांपुढे मोकळे केले. १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे दिलेली साक्ष आणि १९०२ सालचे मध्यवर्ती कायदे मंडळातील अर्थसंकल्पावरील भाषण यांमागे ही साथ होती.

त्याच १८९७ साली गोखल्यांच्या हातून चूकही घडली. पुण्यातील प्लेगनिवारणाच्या काळात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी इंग्लंडमध्ये केलेले आरोप त्यांना सिद्ध करता येईनात; परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. चोहोकडून टीकेचे मोहोळ उठले. तरीही रानड्यांनी त्यांना दूर लोटले नाही, आणि फर्ग्युसन कॉलेजातील त्यांचे अध्यापनही सुटले नाही. दोनच वर्षांनी ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून गेले. एकतिसाव्या वर्षीच्या या चुकीपायी त्यांचे बस्तान उठले असते, तर पुढचे गोखले देशाला लाभले असते काय?

गोखल्यांनी हे ऋण ओळखले होते. १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन करताना नव्या सदस्याला पाच वर्षांचे शिक्षण आणि त्याच्या निर्वाहाची तजवीज, या दोन्ही गोष्टी त्यांनी नियमांतच घातल्या. आपणांस व्यक्तींच्या कृपेने मिळाले, ते इतरांना व्यवस्थेने मिळावे, हा त्यामागील हेतू उघड आहे.

आज कितीतरी महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण तासिका तत्त्वावर शिकवितात. तास झाला तर मोबदला, सुटी लागली की तोही नाही. त्यांची टिपणे तपासणारा कोणी वडीलधारा नाही. चूक झाल्यास पुढील वर्षी बोलावणेच येत नाही. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कंत्राटी नेमणुकांची तऱ्हा याहून वेगळी नाही. यात वेतनावरील खर्च वाचतो, हे खरे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही बचत नव्हे. बियाण्याचे धान्य दळून खाण्याचा हा प्रकार आहे. तरुणांनी गोखल्यांसारखे व्हावे, असा उपदेश जयंती-पुण्यतिथीला करणाऱ्यांनी आधी एवढेच पाहावे, की गोविंदरावांचे आणि रानड्यांचे काम आपल्या संस्थेत कोण करीत आहे.