विश्लेषण : टेनिस कोर्ट आखणारे पालवणकर बाळू मैदानावर कधीच का चिडले नाहीत? आणि १९२० मध्ये काय बिनसले?

रॅकेट आपटली की ताकीद, पुन्हा आपटली की गुण गेला, तरीही तोंड आवरले नाही तर गेम गेला, त्यानंतर मात्र सामन्याबाहेर जाण्याचीही वेळ येऊ शकते. टेनिसपटूंचे मैदानावरील वर्तन हा दर मोसमात चघळला जाणारा विषय आहे. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीत एटीपी स्पर्धा होत असे, तेव्हा पुणेकरांनीही तो जवळून पाहिला. पण याच पुण्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एक मुलगा साहेबांसाठी टेनिस कोर्टाच्या रेषा आखत होता. पुढे तो देशातील सर्वोत्तम गोलंदाज झाला. त्याच्या वाट्याला आलेली चिथावणी लाइन कॉल चुकण्याएवढी किरकोळ नव्हती. तरीही तो शांत राहिला. या शांतपणाला खिलाडूवृत्ती म्हणायचे का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

टेनिसमध्ये रागाला किती मोकळीक?

फार नाही. १९९० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जॉन मॅकेन्रो हा रेषेवरील महिला पंचाकडे रोखून पाहणे, रॅकेट आपटणे आणि शेवटी अपशब्द वापरणे अशा तीन पायऱ्यांनी बाद झाला. २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये नोव्हाक जोकोविचने वैतागून मागे मारलेला चेंडू रेषेवरील पंचाला लागला आणि त्याची स्पर्धा तिथेच संपली. या दोघांचे खेळाडू म्हणून स्थान मात्र त्यामुळे डळमळले नाही. दंड भरायचा, पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायचे. चिडण्याची मुभा अशी सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे पालवणकर बाळूंच्या आयुष्यातून दिसते.

कोण होते बाळू?

जन्म १८७० च्या दशकाच्या मध्यात, धारवाडला. कुटुंब चर्मकार समाजाचे. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या मूळ गावावरून आलेले. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आले आणि लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही क्रिकेटमध्ये उतरले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, कधीमधी सभासदांना गोलंदाजी करायची. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले आणि पगार चार रुपये झाला. काम तेच, शिवाय सरावासाठी जाळी उभारणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिस कोर्ट आखणे.

सरावात त्यांच्या हाती चेंडू आला आणि मग तो सुटला नाही. डावखुरी, संथ फिरकी. चेंडू दोन्हीकडे वळायचा आणि टप्पा सहसा चुकायचा नाही. तिथला सर्वात तयार फलंदाज म्हणजे कॅप्टन जे. जी. ग्रेग. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेग दरवेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे ग्रेगला महिन्यात आठ वेळा बाद केले की पगाराएवढी कमाई! (हे ग्रेग साहेब पुढे हॅम्पशायरकडून खेळले आणि उतारवयात चक्क कॅथलिक धर्मगुरू झाले.) बाळूंनी तिथे शेकडो तास गोलंदाजी केली, पण बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

मातीचा पेला कशासाठी?

पुण्यातील हिंदू क्लबला पूना जिमखान्याच्या गोऱ्यांना हरवायचे होते. त्या गोऱ्यांना रोज सतावणारा गोलंदाज गावातच होता. अडचण फक्त जातीची. क्लबातील काही तेलुगू सभासद बाळूंना घ्यावे या मताचे होते, तर ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. बाळूंना वगळणे हा हिंदूंचाच मूर्खपणा ठरेल, असे ग्रेग यांनी सुचवल्यावर पारडे फिरले आणि बाळू संघात आले.

संघात आले, पण पंगतीत नाही. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत, तर बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. ते भांडे नंतर फेकून दिले जाई. हात-तोंड धुवायचे झाले तर मैदानाच्या कोपऱ्यात दुसरा अस्पृश्य नोकर वरून पाणी ओतत असे. जेवायला वेगळे ताट, वेगळे टेबल.

कसबा पेठ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला व्यवहार वेगळा समजवावा लागणार नाही. तिथे तांबट आळी आहे आणि कुंभारवाडाही आहे. तांब्या-पितळेचे भांडे घासून पुन्हा वापरता येते, मातीचे फोडून टाकता येते. पेठांमधल्या स्वयंपाकघराचा हा सोवळ्याओवळ्याचा हिशेब जसाच्या तसा क्रिकेटच्या मैदानावर आला होता. बाळूंनी हाताळलेला चेंडू मात्र सगळ्यांना चालत होता. तो झेलायलाही आणि त्यावर मिळालेला विजय मिरवायलाही.

साताऱ्यात काय घडले?

पुण्याच्या हिंदूंनी पूना जिमखान्याला हरवले. त्यानंतर साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंच्या फिरकीला दाद मिळू नये म्हणून तिथली खेळपट्टी आठवडाभर दाबून दाबून निर्जीव केली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना जाहीरपणे हार घातला. जो माणूस तुमच्यासोबत खेळतो त्याच्यासोबत खाण्यापिण्यातही कमीपणा मानू नका, असे रानड्यांनी हिंदू खेळाडूंना सुनावल्याची नोंद आहे. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचे जाहीर कौतुक केले. त्या काळच्या पुण्यात रानडे आणि टिळक यांचे एकाच माणसाबद्दल एकमत होणे, हीसुद्धा बातमीच म्हणायची.

मुंबईत दिवस पालटले का?

अर्धेच. पुण्यात १८९६ मध्ये प्लेग शिरला आणि त्या सुमारास बाळूंनी मुंबई गाठली. रेल्वेत नोकरी मिळाली, परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. या सामन्यात हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, तर युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बाळूंचे बळी आठ. शिवरामही या संघात होते. रुसो-जपानी युद्धात जपान नुकताच जिंकला होता, बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटली होती. त्यामुळे या विजयाचा आवाज मैदानापुरता राहिला नाही.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, त्यातले ७५ प्रथम श्रेणीचे. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र विशीतल्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते.

मग कर्णधारपद का नाही?

याचे उत्तर सगळ्यांना माहीत होते आणि कोणी मोठ्याने देत नव्हते. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. अनुभव सर्वांत जास्त. तरी १९१० नंतर दरवर्षी बाळूंचे नाव कर्णधारपदासाठी निघायचे आणि मागे पडायचे. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान खरे तर बाळूंचा होता, असे पै यांनीच सत्कार समारंभात सांगून टाकले. बाळूंनी मात्र ना आदळआपट केली, ना संघ सोडला. तिरंगी झाली, चौरंगी झाली, ते गोलंदाजी करत राहिले.

ही सहनशीलता त्यांची खिलाडूवृत्ती म्हणून पुष्कळ गौरवली गेली. त्यात सोय कोणाची होती, हे पाहायला हवे. मॅकेन्रो चिडला तर त्याला दंड होतो. बाळू चिडले असते तर चर्मकारांच्या पोरांना डोक्यावर घेऊ नये, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत गेले असते आणि मागून येणाऱ्या तीन भावांचीही वाट बंद झाली असती. त्यांच्या शांतपणात स्वभाव किती आणि नाइलाज किती, याची वाटणी आता करता येणार नाही. नाइलाज होता, एवढे मात्र नक्की.

१९२० मध्ये बांध फुटला कसा?

त्या वर्षी चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना संघातूनच वगळले. कर्णधार पै आजारी पडले. विठ्ठल आणि शिवराम हे दोघेही नेतृत्वाच्या पात्रतेचे होते, पण जबाबदारी गेली पुण्याचे दि. ब. देवधर यांच्याकडे. देवधर उत्तम फलंदाज होते, यात वाद नाही. पण पालवणकर बंधूंपुढे त्यांचा अनुभव थोडा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले आणि कारण दडवले नाही. जातीमुळे आम्हाला डावलले जाते, असे जाहीर निवेदन त्यांनी काढले.

रॅकेट मोडली नाही, पंचांना शिव्या नाहीत, सामन्यात खोळंबा नाही. संघात येणार नाही, एवढेच म्हटले. पण अस्पृश्यता निवारणाची चर्चा देशभर सुरू असताना या निवेदनाने हिंदू जिमखान्याला चांगलेच अडचणीत आणले. वाटाघाटी झाल्या. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी बाळू परत आले, तेही उपकर्णधार म्हणून. सामन्यात पै मैदान सोडून बाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाळूंना मिळालेले कर्णधारपद ते एवढेच.

१९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी जिंकली. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

राजकारणात बाळू कुठे होते?

आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला, हे वाचून आज अनेकांना धक्का बसतो. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर पी. बाळू यांचीही सही आहे. गांधीजींचे प्राण वाचावेत म्हणून धावपळ करणाऱ्यांत ते होते. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्यांच्यासाठी आंबेडकरांनी मानपत्र लिहिल्याचे सांगतात, त्यांच्याशीच त्यांची लढत झाली. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. पराभव झाला, पण लढत एकतर्फी नव्हती.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. देवधर त्यानंतर ३८ वर्षे जगले, वयाची शंभरी पार केली आणि त्यांच्या नावाने १९७३ पासून देशांतर्गत एकदिवसीय करंडक सुरू झाला. भारतीय मंडळाच्या कोणत्याही करंडकाला बाळूंचे नाव नाही.