जिवंतपणी प्रेतयात्रा निघालेला माणूस

कुरकुंभच्या एमआयडीसीत ट्रेनिंगला गेलो, तेव्हा एका प्लान्टमध्ये रिअ‍ॅक्टरला लिंबू-मिरची टांगलेली दिसली. हसू आलं. पण व्हायव्हाला 'लकी' शर्ट घालून जाणाऱ्या आम्ही कोणत्या तोंडाने हसायचं? तेव्हा आगरकर आठवले.

गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावात जन्मले. घरची गरिबी इतकी, की शिक्षणासाठी रत्नागिरीला चालत गेले. पुढे डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचले आणि प्रत्येक रूढीला 'का?' विचारायची सवय लागली. एम.ए. झाल्यावर बड्या पगाराच्या नोकरीचा मोह सोडून ते टिळकांबरोबर शाळेत शिकवू लागले. १८८१ मध्ये 'केसरी'चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तिथे आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं. (आपलं पी.एल.मध्ये एक युनिट होत नाही!)

मग दोघांचं बिनसलं. आधी समाज सुधारा, हा आगरकरांचा हट्ट. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं आणि बालविवाह, विधवांचं केशवपन यांवर तुटून पडले. चिडलेल्या सनातन्यांनी त्यांची चक्क प्रेतयात्रा काढली. घरात मात्र पत्नी यशोदाबाईंचा देवधर्म चालूच होता. त्यांनी तो बंद पाडला नाही. मला हे जास्त अवघड वाटतं.

१८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. दम्याने १८९५ मध्ये गेले, वय अवघं ३८. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते.