पंडिता रमाबाई : कसोटीला उतरलेली श्रद्धा

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास व १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी निवर्तले. लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी त्यांनी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास हलले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ उठला. पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार दूर झाले. तरीही बाईंनी श्रद्धा लपवली नाही आणि सदनही बंद केले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला दुर्ग तेव्हा याच प्रांतात होता. उपासमार स्वतः भोगलेल्या बाईंनी येथील निराधार मुली व विधवा सोबत नेल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यांचे घर झाले.

१९२१ मध्ये कार्याची वारस मनोरमाही गेली. हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम मात्र बाईंनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

श्रद्धेने त्यांचे एकही दुःख टळले नाही. पण कोणत्याही दुःखाने त्यांचे हात थांबले नाहीत. आपल्या मुलामुलींना हे चरित्र अवश्य सांगावे.