विश्लेषण : सहकुटुंब पाहिलेल्या ख्रिस्तपटातून दादासाहेब फाळके कसे घडले?

‘होम अलोन’ की ‘द पोलर एक्स्प्रेस’? नाताळच्या सुट्टीत थेरगावच्या घरांतही हा वाद रंगतो. पण एका ख्रिस्तपटाने फाळके कुटुंबाचे आयुष्यच पालटले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. छायाचित्रण, जादूचे प्रयोग, छपाई असे बरेच करून झाले. आपल्या लोणावळा लोकलच्या मार्गावर मळवलीला रविवर्मांचा छापखाना होता, त्याचेही काम त्यांनी केले. पुढे भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीत ते रिकामे झाले.

गिरगावात काय पाहिले?
अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी पत्नी-मुलांसह ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहिला. काही नोंदींत १९१० चा नाताळ आहे, काहींत १९११ चा ईस्टर. पडद्यावर येशू होता, फाळकेंच्या मनात मात्र राम-कृष्ण.

किंमत कोणी मोजली?
सतत सिनेमे पाहून त्यांची दृष्टी काही काळ गेली. विमा पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा आणला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. शिवाय फिल्मला भोके पाडणे, ती धुणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच. पुरस्कार दादासाहेबांच्या नावाचा, पण हे फारसे कुणी सांगत नाही!

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातच, कॉरोनेशनमध्ये लागला. त्यात मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

बोलपट आल्यावर फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.