सामीलनाम्यांचा कारकून

दिल्लीच्या सचिवालयात फायलींवर टिपणे लिहिणाऱ्यांचा इतिहासात सहसा उल्लेख होत नाही. निर्णयाचे श्रेय नेत्यांचे, दोष मात्र अधिकाऱ्यांचा, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. व्ही. पी. मेनन हे तिला ठळक अपवाद ठरले. त्यांना अपवाद व्हावे लागले, कारण ब्रिटिश साम्राज्याने जाताना मागे ठेवलेला गुंता नेत्यांच्या भाषणांनी सुटणारा नव्हता. तो मसुद्यांनी, कलमांनी आणि वाटाघाटींनीच सुटणार होता.

१८९३ मध्ये केरळातील ओट्टपालम येथे शाळामास्तरांच्या मोठ्या कुटुंबात मेनन जन्मले. शिक्षण अर्धवट राहिले. कोलारच्या सोन्याच्या खाणींसह मिळेल तिथे पोटासाठी नोकरी करून १९१४ मध्ये ते सिमल्यात गृहखात्यात कारकून म्हणून लागले. आयसीएसचा शिक्का त्यांच्यावर कधीच बसला नाही. तथापि घटनात्मक सुधारणांच्या विभागात कागद हाताळता हाताळता ते त्या विषयाचे अधिकारी जाणकार बनले, आणि १९४२ मध्ये, एरवी इंग्रज सनदी अधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या सुधारणा आयुक्तपदावर, येऊन बसले.

मे १९४७ मध्ये व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची सत्तांतराची पहिली योजना सिमल्यात नेहरूंनी नाकारली. प्रांत व संस्थाने यांची शकले होतील, अशी त्यांची सार्थ भीती होती. तेव्हा मेनन यांनी अवघ्या काही तासांत पर्यायी मसुदा तयार केला. दोन वसाहती स्वराज्यांकडे सत्ता सोपवण्याचे सूत्र त्यात होते. ३ जूनच्या घोषणेचा पाया तोच.

खरी कसोटी पुढे होती. ब्रिटिशांच्या ताब्यातील भारत एकसंध नव्हता. प्रांतांवर त्यांचे थेट राज्य होते, तर साडेपाचशेहून अधिक संस्थानांशी करारांचे नाते होते. अधिसत्ता संपताच ते करारही संपणार होते. म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रत्येक संस्थानिक मोकळा होणार होता. जुलै १९४७ मध्ये सरदार पटेल यांच्या नव्या संस्थान खात्याचे सचिव झालेल्या मेनन यांनी साधी वाट सुचवली : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या तीनच विषयांपुरते सामील व्हा. मागणी लहान असल्याने नकार देणे अवघड झाले. १५ ऑगस्टपर्यंत काश्मीर, हैदराबाद व जुनागड हे प्रमुख अपवाद वगळता जवळपास सर्वांच्या सह्या झाल्या. जोधपूरच्या तरुण महाराजांनी सही केल्यानंतर मेनन यांच्यावर पिस्तूल रोखल्याचा प्रसंग या काळातलाच.

सामीलनाम्यानंतर विलीनीकरण आले. डिसेंबर १९४७ मध्ये पटेल व मेनन कटक आणि नागपूर येथे गेले, आणि ओडिशा व छत्तीसगडच्या संस्थानांचे करार झाले. पुढे १९४८ मध्ये दख्खनची मराठी संस्थाने मुंबई प्रांतात आली. ग्वाल्हेर व इंदूर मध्य भारतात गेले. १९४९ मध्ये कोल्हापूर आणि बडोदा मुंबईला जोडले गेले. आज दिल्लीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांची मुळे याच संस्थानांत आहेत.

या व्यवहारात राज्याने एक किंमत मोजली. राज्ये सोडणाऱ्यांना तनखे मिळाले आणि १९५० च्या राज्यघटनेत त्यांची हमी नोंदली गेली. मेनन यांच्या दृष्टीने तो रक्तपात टाळण्यासाठी दिलेला शब्द होता. परंतु डिसेंबर १९५० मध्ये पटेल गेले आणि मेनन यांचे दिल्लीतील वजनही ओसरले. ओडिशाचे हंगामी राज्यपालपद आणि वित्त आयोगाचे सदस्यत्व यांनंतर ते बंगळुरूला परतले. सरदारांना दिलेल्या वचनानुसार त्यांनी विलीनीकरणाचा व सत्तांतराचा इतिहास दोन ग्रंथांत लिहिला. १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेत ते सहभागी झाले. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७१ मध्ये घटनादुरुस्तीने तनखे रद्द झाले. लोकशाहीत वंशपरंपरागत मानधन टिकणे कठीणच होते, हे मान्य करावे लागेल. तरीही शासनाने लेखी दिलेला शब्द किती काळ बंधनकारक मानायचा, हा प्रश्न त्या दुरुस्तीने निकालात निघाला नाही. काश्मीरपासून ईशान्येपर्यंत प्रत्येक करारापाशी तो नव्याने उभा राहतो. मसुदा लिहिणारा अधिकारी निवृत्त होतो. त्याने शासनाच्या वतीने दिलेली हमी मात्र निवृत्त होत नाही.